कोणती ‘सीआयडी’ पाहावी: सुरुवातीची, मधली, उतरणीची की परतून आलेली?

‘सीआयडी’ ही एकच मालिका आहे असे समजून ती पाहायला घेतली की फसगत होते. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि २७ ऑक्टोबर २०१८ रोजी ती थांबली. या वीस वर्षांत पंधराशेहून अधिक भाग झाले, आणि २१ डिसेंबर २०२४ पासून सुरू झालेले दुसरे पर्व त्याखेरीज. एवढ्या पसाऱ्यात एसीपी प्रद्युम्न कायम आहेत, हवेत फिरणारी त्यांची बोटे कायम आहेत, शीर्षकसंगीतही ओळखीचेच आहे. परंतु गुन्ह्याचा उलगडा कशाच्या बळावर होतो, ही जी कोणत्याही तपासकथेतील मुख्य गोष्ट, ती मात्र या काळात पार बदलून गेली. त्यामुळे ‘सीआयडी’ चांगली की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. कोणत्या वर्षांची, हे आधी विचारावे लागते.

हा आढावा अशा प्रेक्षकासाठी आहे, ज्याने ही मालिका लहानपणी तुकड्यातुकड्यांनी पाहिली आहे, किंवा जो तिला केवळ दरवाजे तोडणाऱ्या दयावरील विनोदांतून ओळखतो, आणि जो आता सोनी लिव्ह, यूट्यूब किंवा नेटफ्लिक्स यांपैकी एखाद्या ठिकाणी ती नीट पाहायला बसण्याच्या विचारात आहे. माझा कौल आधीच सांगतो. सुरुवातीची सात-आठ वर्षे जरूर पाहावीत. त्यानंतरची चार-पाच वर्षे निवडून पाहावीत. २०१२ नंतरचे भाग वगळले तरी काही गमावल्यासारखे होणार नाही. आणि दुसऱ्या पर्वाकडे जुन्या ओळखीपोटीच वळावे. पोलिसांचे काम कसे चालते हे पाहण्याची ज्याची इच्छा आहे, त्याने मात्र त्याच वाहिनीवरील ‘क्राइम पेट्रोल’ची २०१० नंतरची काही वर्षे या सगळ्यांच्या आधी पाहावीत.

पायपिटीचा काळ

मालिकेचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेले आणि मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन म्हणून उमेदवारी केलेले गृहस्थ. मराठी प्रेक्षकांतील जुन्या मंडळींना दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ ही पोलीस मालिका आठवत असेल. तीही त्यांचीच, आणि एसीपी प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम तीतही होते. म्हणजे १९९८ मध्ये एसीपी प्रद्युम्न जन्माला आले तेव्हा दिग्दर्शक आणि प्रमुख नट या दोघांचीही या प्रकारच्या कथेत मुरलेली अशी एक आधीची इयत्ता झालेली होती. बँकेतील नोकरी आणि मराठी रंगभूमी अशा दोन्ही जागी वावरलेल्या साटमांच्या प्रद्युम्नमध्ये सुरुवातीला एखाद्या कडक पण विचारी वरिष्ठाचा जो सहज भाव दिसतो, तो या पार्श्वभूमीमुळे कळतो. सुरुवातीच्या तुकडीत इन्स्पेक्टर वीरेंद्रच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर आहेत, आशाच्या भूमिकेत अश्विनी काळसेकर आहेत. दयाच्या भूमिकेत दयानंद शेट्टी तर आहेतच, आणि पुढे आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत येऊन मिळतो. आदित्य श्रीवास्तव आधी याच मालिकेत एका भागापुरते गुन्हेगार म्हणून येऊन गेले होते, ही गोष्ट आज पाहताना गंमत वाटते.

या काळातील भाग पाहताना पहिली जाणवणारी गोष्ट म्हणजे त्यांची सावकाश चाल. एक प्रकरण बहुधा अर्ध्या तासाच्या दोन भागांत विभागलेले असे. पहिल्या भागाचा बराचसा वेळ माणसांना भेटण्यात जाई: सोसायटीचा पहारेकरी, मृताचा भागीदार, शेजारीण, टॅक्सीवाला. प्रत्येकजण थोडे सांगतो, थोडे दडवतो. दोघांच्या सांगण्यातील वेळा जुळत नाहीत, आणि त्या न जुळणाऱ्या अर्ध्या तासाभोवती तपास फिरू लागतो. प्रयोगशाळा तेव्हाही होती, नरेंद्र गुप्ता यांचे डॉ. साळुंखे तेव्हाही एसीपींशी हुज्जत घालीत; पण त्या प्रयोगशाळेतून अधिकाऱ्यांच्या हाती पडे तो बहुधा एक प्रश्न. मृताच्या अंगावर सापडलेली वस्तू त्याच्या घरात असण्याचे कारण नव्हते, मग ती आली कुठून, असा तो प्रश्न असे. आणि त्याचे उत्तर शोधायला अधिकाऱ्यांना पुन्हा उन्हात बाहेर पडावे लागे. संशयित दोषी नसल्याचे आढळून सगळे पुन्हा पहिल्यापासून मांडण्याची वेळ येणे, ही तेव्हाच्या प्रकरणांतील नेहमीची घटना आहे. उतरणीच्या काळात असे घडताना दिसले, तरी ते केवळ वेळ भरण्यासाठी असते.

दुसरी गोष्ट म्हणजे मुंबई. नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या मुंबईतील इमारती, जिने, कार्यालये आणि रस्ते या भागांत खरेखुरे दिसतात. चित्रणाचा दर्जा आजच्या डोळ्यांना कच्चा वाटेल, आवाज कुठे कुठे घुमतो, आणि यूट्यूबवरील प्रती काही ठिकाणी धूसर आहेत. ज्याला झळाळत्या चित्राची सवय आहे त्याला पहिले चार-दोन भाग जड जातील, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या जागांना वजन आहे. माणूस दुसऱ्या मजल्यावरून उतरून मागच्या दाराने निसटू शकतो की नाही, हे तपासाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते, आणि दिग्दर्शक ते दार आपल्याला आधी दाखवून ठेवतो. छायाचित्रणातून आलेल्या माणसाची ही शिस्त आहे.

या शिस्तीची परमावधी म्हणजे ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला ‘द इन्हेरिटन्स’ हा भाग. लोणावळ्याच्या एका बंगल्यात १११ मिनिटांचा हा भाग एकाही कटाशिवाय, सलग एकाच शॉटमध्ये चित्रित झाला, आणि त्याची नोंद गिनेसमध्ये झाली. विक्रमासाठी केलेल्या गोष्टी बहुधा पाहायला कंटाळवाण्या असतात, आणि याही भागात काही जागी नट कॅमेऱ्याची वाट पाहत थबकल्यासारखे वाटतात. तरीही, एका घरात अडकलेली माणसे, वारशाचा तंटा आणि खोलीमागून खोली उलगडणारा तपास यांना सलग चित्रणाची जोड का शोभते, हे त्यात दिसते. साप्ताहिक मालिका चालवणारी मंडळी २००४ मध्ये, सहा वर्षे झाल्यावरही, स्वतःला अवघड काम लावून घेत होती. पुढील काळाशी तुलना करताना हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मधली वर्षे: सर्वांत आवडती, पण सर्वांत चांगली नव्हेत

बहुतेक लोक ‘आमची सीआयडी’ म्हणून ज्या मालिकेची आठवण काढतात, ती साधारणपणे २००५ ते २०११ या काळातील आहे. प्रकरण आता एका तासाच्या एका भागात संपू लागले. अभिजीत आणि दया यांची मैत्री, दिनेश फडणीस यांच्या फ्रेडरिक्सचे बायकोला घाबरणे, अभिजीत आणि डॉ. तारिका यांच्यातील ओढ, साळुंखे आणि प्रद्युम्न यांची चकमक, हे सारे याच काळात पक्के झाले. ‘कुछ तो गड़बड़ है’ हे वाक्य आणि दयाने दरवाजा तोडणे यांना ठरलेल्या जागी यायची सवय लागली ती याच काळात.

सुरुवातीच्या काळाशी तुलना केली, तर येथे माणसे अधिक जवळची आहेत आणि कोडी अधिक सोपी. एका तासात खून, चार संशयित, एक चकवा आणि कबुली बसवायची म्हटल्यावर साक्षीदारांच्या भेटी आखूड होणारच. पण त्याची भरपाई अधिकाऱ्यांच्या आपापसातील वागण्याने होते. आपल्याच गुन्हेगार मुलावर, नकुलवर, गोळी झाडलेला बाप ही प्रद्युम्न यांच्या मागची कथा, किंवा अभिजीतला स्वतःचा भूतकाळ आठवत नसल्याचे सूत्र, यांच्यामुळे या तुकडीला पूर्वायुष्य लाभले. आणि हे धागे कधीमधी वर येत असल्यामुळे त्यांचा कंटाळाही येत नाही. घरातील आजीपासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहण्याजोगी मालिका हवी असेल, तर हीच वर्षे घ्यावीत. रक्तपात जवळजवळ नाही, शिवीगाळ नाही, गुन्हेगार शेवटी सापडतो.

उणीव दाखवायची तर ती एवढीच, की याच काळात मालिकेला तिची लकब सापडली आणि लकबीवर काम भागते हेही कळले. दरवाजा तोडणे सुरुवातीला बंद खोलीत शिरण्यासाठी होते; नंतर दरवाजा तोडता यावा म्हणून खोली बंद ठेवली जाऊ लागली.

उतरण नेमकी कशात आहे?

या मालिकेच्या घसरणीबद्दल बोलताना लोक सहसा हास्यास्पद प्रसंगांची यादी करतात: अस्पष्ट छायाचित्र मोठे करत करत त्यात खुन्याचा चेहरा दिसणे, संगणकाच्या दोन कळा दाबून कुणाचीही माहिती निघणे, भुताटकी, शापित हवेल्या, न कळणाऱ्या यंत्रांनी केलेले खून. हे सगळे खरे असले, तरी ही लक्षणे आहेत. मालिकेच्या नावाबद्दलही अशीच कुरबुर होते. वास्तविक महाराष्ट्राच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे, आणि मुंबईतील खुनाचा तपास स्थानिक पोलीस ठाणे किंवा मुंबई पोलिसांची गुन्हे शाखा करते. पण ही सवलत मालिकेने पहिल्या दिवसापासूनच घेतलेली आहे, तेव्हा तिचा दोष उतरत्या काळाच्या माथी मारणे योग्य नाही.

खरी घसरण दोन ठिकाणी झाली, आणि दोन्ही तपासाच्या गाभ्यातील आहेत.

पहिली, प्रयोगशाळेत. उतरणीच्या काळात साळुंखे यांच्या टेबलावरून प्रश्न निघत नाही, थेट उत्तर निघते. मृताच्या बुटाला लागलेली माती किंवा कपड्यावरचा रंग शहरातल्या एकाच ठिकाणी मिळतो, असे ते सांगतात, आणि पुढच्या दृश्यात तुकडी त्या ठिकाणी पोहोचलेली असते. तेथे दुसरी वस्तू सापडते, ती पुन्हा टेबलावर येते, आणि तीही एक पत्ता सांगते. अशा तऱ्हेने पत्त्यावरून पत्त्याकडे जाण्यात अधिकाऱ्यांनी विचार करण्याची जागाच उरत नाही. प्रत्यक्षात शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातील डॉक्टर करतात, व्हिसेरा आणि इतर नमुने मुंबईत कलिना येथील न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात, आणि अहवाल येण्यास आठवडे किंवा महिने लागतात. मालिकेने हा काळ गाळला म्हणून कोणी तक्रार करणार नाही, सुरुवातीच्या काळातही तो गाळलेलाच होता. मात्र अहवाल चुटकीसरशी मिळतो एवढ्याने भागत नाही. तो अहवालच संपूर्ण तपास बनतो, तेव्हा अभिजीतच्या चेहऱ्यावरील विचारमग्न भाव केवळ सवयीचा उरतो. आदित्य श्रीवास्तव यांच्यासारख्या नटाला असे निष्कारण कपाळाला आठ्या घालून उभे राहावे लागते, याचे वाईट वाटते.

दुसरी, कबुलीत. जुन्या प्रकरणांत कबुली ही पुराव्यांची अखेर असे. खुनी गप्प राहिला असता तरी त्याचा सुटकेचा मार्ग बंद झालेला असे, आणि प्रेक्षकालाही ते पटलेले असे. पुढे दयाची थप्पड हाच पुरावा झाला. संशयिताला मध्ये उभे करायचे, एक सणसणीत ठेवून द्यायची, आणि त्याने तीन मिनिटांत आपले कारस्थान पूर्वदृश्यांसह सांगून टाकायचे. आपल्याकडील कायद्यात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. भारतीय पुरावा कायदा, १८७२ मध्ये हे कलम २५ होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आले आहे. त्या कबुलीतून एखादी वस्तू किंवा जागा प्रत्यक्ष सापडली, तर तेवढ्यापुरताच भाग ग्राह्य धरला जातो. म्हणजे शेवटच्या दृश्यात ‘अब तुम्हें फाँसी होगी’ असे एसीपी ज्याच्या बळावर बजावतात, ते न्यायालयाच्या दारातच गळून पडणारे असते. मनोरंजनाच्या मालिकेकडून कायद्याचे पुस्तक कोणी मागत नाही. पण थप्पड मारल्याशिवाय प्रकरण संपतच नसेल, तर त्याआधीच्या पन्नास मिनिटांत काय केले, असा प्रश्न कायदा न जाणणाऱ्यालाही पडतो.

हे का घडले, याचे एक कारण साध्या हिशेबात सापडते. मालिकेचा हजारावा भाग २०१३ मध्ये झाला, म्हणजे पहिल्या हजार भागांना साडेपंधरा वर्षे लागली. सरासरी वर्षाला साठ-पासष्ट. उरलेले साडेपाचशेच्या आसपास भाग पाच वर्षांत झाले. वर्षाला शंभराहून अधिक. आठवड्याला एक खून रचणे आणि दोन-दोन, कधी तीन-तीन खून रचणे यांत फरक आहे. दोन साक्षीदारांच्या वेळांमधील विसंगती जुळवायला लेखकाला बसून विचार करावा लागतो. माती आणि थप्पड यांना तो लागत नाही. वेळ कमी पडला की सोपा मार्ग हाताशी येतो आणि मग तोच रुळतो.

यात भर पडली ती पाहुण्यांची. चित्रपटांच्या प्रसिद्धीसाठी नट-नट्या खुनाच्या जागी येऊ लागल्या. ‘अदालत’बरोबर आणि २०१४ मध्ये ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’बरोबर संयुक्त भाग झाले. गोकुळधाम सोसायटीतील मंडळी आणि एसीपी प्रद्युम्न एकाच चौकटीत पाहण्याची गंमत मी नाकारत नाही, पण त्या भागांकडून तपासाची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. त्याच वर्षी दयानंद शेट्टी ‘सिंघम रिटर्न्स’मध्ये दया याच नावाने दरवाजा तोडायला आले. आपला विनोद होतो आहे हे मालिकेला तोवर ठाऊक झाले होते, आणि तो विनोद तिने आपणहून विकायला घेतला. जी मालिका स्वतःवरच्या विनोदाला टाळ्या घेते, तिला पुन्हा गंभीर होणे अवघड जाते. श्रेया, पूर्वी, सचिन, पंकज अशी नवी नावे येत राहिली. त्यांतील काही नट चांगले होते, पण त्यांच्या वाट्याला ‘सर, यह देखिए’ याहून फारसे काही आले नाही.

न्यायाच्या दृष्टीने एवढे म्हणावे लागेल, की या काळातील मालिका बालप्रेक्षकांना मनापासून आवडली. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी माती, पत्ता आणि थप्पड ही रीत पुरेशी असते. तेव्हा घरात तेवढे मूल असेल आणि त्याने शनिवारी संध्याकाळी एखादा भाग लावला, तर आडकाठी करू नये. प्रौढ प्रेक्षकाने मात्र यासाठी वेळ बाजूला काढू नये.

‘क्राइम पेट्रोल’: त्याच वाहिनीवरील दुसरी वाट

‘सीआयडी’ची तुलना स्वतःशी केल्यावर दुसऱ्या कोणाशी करायची, तर ती ‘क्राइम पेट्रोल’शीच. २००३ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेला तिचे खरे रूप २०१० नंतर मिळाले, जेव्हा अनुप सोनी निवेदक म्हणून आले आणि सुब्रमणियन अय्यर यांच्या दिग्दर्शनाखाली प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांची, नावे-गावे बदलून केलेली नाट्यरूपे मोठ्या ताकदीने उभी राहिली.

दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या, की पहिला फरक मृत व्यक्तीला मिळणाऱ्या वागणुकीत दिसतो. ‘सीआयडी’मध्ये प्रेत ही कोड्याची सुरुवात असते, पहिल्या पाच मिनिटांनंतर त्या माणसाविषयी कोणालाही वाईट वाटत नाही. ‘क्राइम पेट्रोल’मध्ये माणूस मरण्यापूर्वी बराच वेळ जगतो. त्याचे घर, त्याची भांडणे, घरच्यांनी दुर्लक्षिलेली एखादी खूण, हे सगळे आपण पाहतो, आणि त्यामुळे तो मरतो तेव्हा त्याचे ओझे जाणवते. दुसरा फरक पोलिसांचा. तेथे कायमची तुकडी नाही. एकच नट एका आठवड्यात तपास अधिकारी, तर दुसऱ्या आठवड्यात आरोपी म्हणून दिसतो. त्यामुळे पोलिसांभोवती वलय तयार होत नाही. हरवल्याची तक्रार घेण्यास टाळाटाळ करणारा ठाण्यातील हवालदार, पंचनामा, खबऱ्या, मोबाइलचे कॉल रेकॉर्ड, दोन राज्यांच्या पोलिसांमधील पत्रव्यवहार, आरोपीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याची घाई, हे सारे तेथे कथेचा भाग होते. एखादे प्रकरण दोन-तीन भाग चालते, आणि कधी कधी ते समाधानकारक रीतीने संपतही नाही.

परंतु हा पर्याय सर्वांना मानवेल असे नाही. या मालिकेत दिलासा फार कमी आहे. एकामागून एक भाग पाहिले तर शेजारी, नातेवाईक, घरकामाला येणारी बाई, सगळ्यांकडे संशयाने पाहण्याची सवय लागते; आणि गुन्ह्याचे मूळ बाईच्या वागण्यात शोधण्याची एक ढोबळ खोड तिच्यात अनेकदा डोकावते. लहान मुलांसमोर ती लावू नये. शिवाय तिचीही घसरण झालीच. रोजचे भाग सुरू झाले, ‘दस्तक’, ‘सतर्क’ अशी उपनावे बदलत गेली, २०१८ मध्ये अनुप सोनी बाहेर पडले, आणि कथांमधील संयमाची जागा अनैतिक संबंधांच्या चवदार वर्णनांनी घेतली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये एका ताज्या व अतिशय वेदनादायक खुनाशी साम्य असलेला भाग दाखवल्यावर इतकी टीका झाली, की वाहिनीने तो काढून घेतला. म्हणून येथेही वर्ष पाहूनच निवड करावी: २०१० ते २०१४ हा काळ सर्वांत भरवशाचा आहे.

दोन्ही मालिकांच्या चढ-उतारांत एक साम्य मात्र डोळ्यांत भरते. ज्या काळात भाग कमी होते, त्या काळात त्या चांगल्या होत्या.

परतून आलेली ‘सीआयडी’

सहा वर्षांच्या खंडानंतर २०२४ च्या डिसेंबरमध्ये मालिका परतली तेव्हा प्रद्युम्न, अभिजीत आणि दया हे तिघेही परतले. दिनेश फडणीस मात्र डिसेंबर २०२३ मध्ये गेले होते, आणि फ्रेडरिक्सशिवायचे ते कार्यालय ओकेबोके वाटते. सुरुवातीला अभिजीत आणि दया एकमेकांचे वैरी झाल्याचे दाखवून दीर्घ कथासूत्र बांधण्याचा प्रयत्न झाला, आणि तो मला शेवटच्या काही वर्षांतल्या कोणत्याही भागापेक्षा बरा वाटला. चित्रण स्वच्छ आहे, वेग अधिक आहे, २०२५ पासून नेटफ्लिक्सवरही भाग मिळू लागले.

नंतर एप्रिल २०२५ मध्ये, तिग्मांशू धुलिया यांनी रंगवलेल्या बारबोसा या खलनायकाच्या स्फोटात एसीपी प्रद्युम्न यांना मारण्यात आले, आणि त्यांच्या जागी पार्थ समथान यांचा एसीपी आयुष्मान आणण्यात आला. प्रेक्षकांनी संताप व्यक्त केला, आणि थोड्याच आठवड्यांत प्रद्युम्न जिवंत होऊन परतले. हा निर्णय मालिकेच्या आजच्या स्थितीबद्दल पुष्कळ सांगून जातो. पात्राला मारण्याची हिंमत दाखवायची आणि ती निभावायची नाही, असे केल्यावर पुढील कोणत्याही संकटात प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागत नाही. आणि तपासाच्या रीतीत काही मूलभूत सुधारणा झाली का, असे विचारले तर उत्तर नाही असेच द्यावे लागेल. टेबलावरून पत्ते अजूनही निघतात, फक्त आता ते चकचकीत पडद्यांवर दिसतात. जुनी माणसे पुन्हा एकत्र पाहण्याचा आनंद हवा असेल त्याने पहिले आठ-दहा भाग पाहावेत. कोडे हवे असेल त्याने येथे येऊ नये.

मग सुरुवात कोठून करावी?

तपासकथेची आवड असलेल्या, म्हणजे खुनी कोण हे अधिकाऱ्यांच्या आधी ओळखण्याचा प्रयत्न करणाऱ्या प्रेक्षकाने १९९८ ते २००४ मधील दोन भागांची प्रकरणे घ्यावीत. ती क्रमाने पाहण्याची गरज नाही, कारण प्रत्येक प्रकरण स्वतंत्र आहे. पण एका प्रकरणाचे दोन्ही भाग जवळ असल्याची खात्री आधी करून घ्यावी, नाहीतर रात्री साडेअकराला पहिला भाग संपतो आणि दुसरा शोधण्यात अर्धा तास जातो. सलग चित्रणाचा ‘द इन्हेरिटन्स’ अगदी आरंभी न घेता, प्रद्युम्न, दया, अभिजीत यांची थोडी ओळख झाल्यावर घ्यावा. त्यात प्रत्येकाच्या लकबीवर बरेच अवलंबून आहे, आणि सलग दोन तास मोकळे असतील तेव्हाच तो लावावा.

आठवणींसाठी किंवा घरच्यांसोबत पाहणाऱ्याने २००५ ते २०११ मधील एक तासाचे भाग घ्यावेत, आणि आवडत्या अधिकाऱ्याच्या नावावरून निवडावेत. अभिजीतच्या भूतकाळाशी जोडलेले भाग त्यांत सरस आहेत. ज्याचा कल वास्तवाकडे आहे आणि ज्याला उदास होण्याची भीती नाही, त्याने ‘क्राइम पेट्रोल’चे अनुप सोनी यांच्या निवेदनाचे सुरुवातीच्या वर्षांतील बहुभागी प्रकरण निवडावे, पण दिवसाकाठी एकच.

सोनी लिव्हवर भागांचे क्रमांक आणि प्रसारणाची तारीख दिलेली असते, यूट्यूबवर मात्र जुने भाग नवी भडक नावे देऊन पुन्हा चढवलेले असतात आणि एकच प्रकरण दोन नावांनी सापडते. तेथे शीर्षकावर विश्वास न ठेवता पहिल्या दृश्यातील तुकडी पाहावी. वीरेंद्र किंवा आशा दिसली, तर आपण योग्य काळात आहोत. श्रेया, पूर्वी, पंकज असे तिघेही एकदम प्रेताभोवती उभे दिसले, तर दुसरा भाग शोधावा.